पावसानंतर नदीतलं शेवाळ तपासताय? या चुका टाळा

जोरदार पाऊस पडून गेला की पुण्यात मुठा नदीच्या काठावर बाटल्या घेऊन फिरणारी मंडळी दिसू लागतात. उत्साहाला हरकत नाही, पण चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे पूर ओसरताच नमुना घेऊन निकाल लावणं. म्हात्रे पुलाजवळ विद्यार्थ्यांच्या एका गटाने असंच केलं. दगडांवर शेवाळाचा थर जवळजवळ नाही, म्हणून अहवालात थेट लिहिलं: ‘पावसाने नदी स्वच्छ झाली.’ आदल्या दिवसांत खडकवासला धरणातून मोठा विसर्ग चालू होता, हे कोणी पाहिलंच नव्हतं. त्या लोंढ्यानं दगड घासून काढले होते आणि उरलेल्या शेवाळाला गढूळ पाण्यात ऊन मिळत नव्हतं. शहरातलं पावसाळी पाणी रस्त्यावरचं तेल, टायरच्या झिजेतून आलेलं जस्त, ब्रेकमधलं तांबं घेऊन येतं, आणि जिथे सांडपाणी पावसाळी गटारात शिरतं तिथे नायट्रोजन-फॉस्फरसही. तांबं शेवाळाला मारक, फॉस्फरस त्याचं खाद्य. दोन्ही एकाच गटारातून येतात. म्हणून आधी घट आणि उघडीप पडल्यावर दाट वाढ, असा उलटसुलट खेळ दिसतो. मी त्यांना उघडीप टिकल्यावर पुन्हा जायला लावलं. तेच दगड हिरवे, बुळबुळीत. अहवाल मात्र जमा होऊन गेला होता!

माझी सवय सांगतो. पावसाळ्याआधी एकदा जाऊन नमुना घेऊन ठेवायचा, मग पाणी उतरल्यावर दर आठवड्याला त्याच जागी, सारख्याच खोलीवरचे दगड. दगडावर ठरावीक चौकोन आखून तेवढाच ब्रशने खरवडायचा. वहीत पहिली ओळ शेवाळाची नाही. शेवटचा पाऊस कधी झाला आणि धरणाचा विसर्ग किती होता, याची. एका फेरीत ‘निष्कर्ष’ हवा असेल त्यांनी दुसरा छंद शोधावा.

जलपर्णीला शेवाळ म्हणू नका. ते फुलझाड आहे, आणि त्याच्या दाट गालिच्याखाली शेवाळाला ऊन मिळत नाही.

नमुना फक्त गटाराच्या तोंडाशी घेऊ नका. प्रवाहाच्या वरच्या अंगाचा नमुना नसेल तर तुलना कशाशी करणार?

पाण्यातला ऑक्सिजन दुपारी मोजणं ही दुसरी लाडकी चूक. भर उन्हात शेवाळ इतका ऑक्सिजन सोडतं की घाण पाणीही मीटरवर सुदृढ दिसतं. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन वापरतं आणि सर्वांत वाईट आकडा पहाटे उजाडायच्या आत मिळतो. त्या वेळी काठावर कोणी येत नाही. मी येतो, त्यामुळे कुत्र्यांशी चांगली ओळख झाली आहे.

मग पामर निर्देशांक, म्हणजे कोणतं शेवाळ सापडलं त्यावरून गुण देऊन प्रदूषण ताडायची पद्धत. 1969 सालच्या या यादीत शेवाळाच्या 20 प्रजाती (genus) आहेत. यूग्लीना आणि ऑसिलेटोरियाला प्रत्येकी 5 गुण, बेरीज 20 किंवा वर गेली की सेंद्रिय प्रदूषण जास्त. सोपं आहे म्हणून सगळे वापरतात. पण हा निर्देशांक सेंद्रिय घाणीचा आहे. तांबं, जस्त, तेल यांबद्दल तो काही सांगत नाही, आणि पावसाळी गटाराचा निम्मा प्रश्न तोच असतो. धातू हवे असतील तर पाण्याची वेगळी चाचणी करा. शिवाय पुराबरोबर ओढ्यांतून वाहत आलेल्या पेशी आणि तिथेच वाढलेलं शेवाळ यांत फरक असतो. पाण्यात तरंगणाऱ्या शेवाळापेक्षा दगडावरचा थर मला जास्त भरवशाचा वाटतो.

नमुना टिकवायला लुगॉलचं (आयोडीनचं) द्रावण फिकट चहाचा रंग येईल एवढंच घाला आणि बाटली अंधारात ठेवा. क्लोरोफिल मोजायचं असेल तर लुगॉल घालूच नका. तो नमुना वेगळा, बर्फावर.

आणि कोणी ‘मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकून शेवाळ मारू’ म्हणालं तर त्याला आधी काठावरून बाजूला घ्या. मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला ऑक्सिजन संपवतं, तांबं खाली वाहत जाऊन मासे मारतं, आणि गटारातलं खत तर चालूच राहतं, म्हणून शेवाळ परत येतंच.