चिमणीचं घरटं दोनदा ओस पडलं, तेव्हा

अंगणातल्या लाकडी घरट्यात चिमण्यांची जोडी यायची, गवताच्या काड्या भरायची आणि अर्ध्यावर सोडून जायची. दोनदा असं झालं. जीव हळहळला.

तिसऱ्या वेळी नुसतं बघत बसलो. भोकाखाली दांडी ठोकली होती, चिमणीला बसायला म्हणून. त्या दांडीवर साळुंकी येऊन बसायची आणि भोकात चोच घालायची. चिमणीला दांडी लागतच नाही, ती थेट भोकाच्या कडेला धरते. दांडी काढली. भोक रुंद होतं, म्हणून ३२ मिलिमीटरचं भोक असलेली फळी समोरून बसवली. त्यातून चिमणी जाते, साळुंकी नाही. दुपारनंतर आत हात घातला तर भट्टी! पेटी पश्चिमेकडून काढून पूर्वेच्या भिंतीला, छपराच्या सावलीत लावली. तळाला चार बारीक भोकं पाडली, पाणी साचू नये म्हणून. गुळगुळीत प्लायवर पिल्लांचे पाय घसरतात, म्हणून आतून भोकाखाली आडव्या खाचा पाडल्या.

आठवड्याभरात नर आला. पुढे खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं: चोचीत हिरवी अळी घेऊन मादी आत शिरली आणि बाहेर पडताना पिल्लाच्या विष्ठेची पांढरी पुडी घेऊन गेली. चिमण्या घरटं असं स्वच्छ ठेवतात!

पेटी मात्र उघडली नाही. पिसं फुटलेली पिल्लं घाबरली की उडता येण्याआधीच बाहेर उडी मारतात. दोन आठवड्यांनी चारही पिल्लं आपसूक बाहेर पडली.