गाडी नुसती ‘टक्’ करते, सुरू होत नाही? या चुका टाळा

चावी फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे लागले, बॉनेटखालून ‘टक्’ असा आवाज आला आणि पुढे सगळं शांत. अशा वेळी ‘बॅटरी गेली’ हे निदान करायला कुणालाच वेळ लागत नाही. बऱ्याचदा ते खरंही ठरतं. पण नवीकोरी बॅटरी बसवूनही तसाच ‘टक्’ करत उभ्या राहणाऱ्या गाड्या काही कमी नसतात. म्हणून पाकीट उघडायच्या आधी कान उघडा.

आवाज न ऐकताच निदान

भराभर ‘कट्-कट्-कट्-कट्’ वाजत असेल तर स्टार्टरला, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला (हाच आपला सेल्फ), पुरेसा करंट मिळत नाहीये. मोटरला करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच, म्हणजे सोलेनॉइड, आत ओढला जातो, मोटर करंट खेचते, तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं आणि सोलेनॉइड सुटतो. सुटला की व्होल्टेज पुन्हा वर येतं, तो पुन्हा ओढला जातो. इथे संशय बॅटरीवर, नाहीतर तिच्या जोडण्यांवर.

एकच जोरदार ‘टक्’ आला आणि सेल्फ फिरलाच नाही, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेले, मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले, अर्थिंगची वायर खराब किंवा इंजिनच जाम, यांपैकी काहीही असू शकतं.

यात भेद करायला हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी, जोडण्या किंवा जाम झालेली मोटर. दिव्यांवर काहीच परिणाम नसेल तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाहीये. मग सोलेनॉइडकडे आणि स्टार्टरच्या वायरिंगकडे बघा.

‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठणठणीत’

ही सगळ्यात जास्त फसवणारी समजूत. हॉर्नला आणि दिव्यांना काही अँपिअर पुरतात. लहान पेट्रोल गाडीच्या स्टार्टरला मात्र 100 ते 200 अँपिअर लागतात, डिझेलला त्याहून जास्त. मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून बघितलंत तर बंद गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. पण नुसता हा आकडा बघून थांबू नका. दमलेली बॅटरी स्वस्थ पडलेली असताना 12.5 सुद्धा दाखवते आणि सेल्फ मारताच 7-8 वर येते. सेल्फ मारत असताना व्होल्टेज 9.6 च्या खाली जाता कामा नये.

टर्मिनल वरवर बघून सोडणं

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साठली असेल तर ती कुणालाही दिसते. पण टर्मिनलवर आवळलेला केबलचा क्लॅम्प बाहेरून चकचकीत आणि आतून काळपट पडलेला असेल तर? बॅटरीचा शिशाचा खुंट (टर्मिनल) आणि क्लॅम्प यांच्यामधला तो पातळ थर दिव्यांपुरता करंट सोडतो, स्टार्टरचा अडवतो. क्लॅम्प हाताने पिळून बघा. जरासाही फिरला तर तो सैल आहे.

खात्री करायची असेल तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टीमीटरची एक पिन शिशाच्या खुंटावर, दुसरी त्याच्यावरच्या क्लॅम्पवर धरा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. रीडिंग शून्याच्या आसपास हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर चोर तिथेच सापडला. मग एक पिन निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून हेच करा. इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी सडलेली असली तर इथे कळतं, आणि ती तपासायचं सहसा कुणाच्या डोक्यातही येत नाही.

साफ करताना आधी निगेटिव्ह काढा, बसवताना ती शेवटी लावा. खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि वायरब्रश पुरेसा आहे. डोळे आणि हात मात्र जपा.

सेल्फवर सेल्फ मारत राहणं

उतरलेल्या बॅटरीवर अडून बसलात तर तिच्यातलं उरलंसुरलंही संपतं आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळतात. सेल्फ फिरत असेल तरी एका वेळी 10 सेकंदांच्या वर नको, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. स्टार्टरला पान्याने हलकेच ठोकल्यावर गाडी सुरू झाली, तर बहुधा ब्रश संपत आलेत. त्या दिवशी घरी पोचाल एवढंच.

गाडी खोल पाण्यातून गेल्यावर ‘टक्’ करून थांबली असेल, तर सेल्फला हातच लावू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, जोर केला की कनेक्टिंग रॉड वाकतो. थेट टो करा.

जंप स्टार्टमधली घाई

जंप स्टार्ट म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करणं. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते, म्हणून हे. फुगलेली, तडकलेली किंवा गोठलेली बॅटरी जंप करायचीच नाही.

धक्का मारून ऑटोमॅटिक गाडी सुरू होत नाही. मॅन्युअल होते, पण बॅटरी ठार मेलेली असेल तर फ्युएल पंपाला आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) करंट कुठून येणार?

सुरू झाल्यावर अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) तपासायला म्हणून चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढणं हा जुना उद्योग आजच्या गाडीत महागात पडतो. व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक्स उडू शकतं. त्यापेक्षा मल्टीमीटर लावा. बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसतात. आकडा 12.5 लाच अडकलेला असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये. आणि चार्जिंग ठीक असूनही रात्रभरात बॅटरी उतरत असेल, तर आधी डिकीतला दिवा चालूच राहत नाही ना ते बघा.