दुधाचा खाडा आणि रोजचं चित्र

पोर्टफोलिओसाठी प्रोजेक्ट कुठला घेऊ असं डिझाईनला नवीन आलेली पोरं विचारत असतात, तर मी शेवटच्या वर्षाला केलेल्या प्रोजेक्टची गोष्ट सांगते, त्यात माझ्या चुकाच जास्त आहेत. विषय होता रोज थोडं तरी चित्र काढायला लावणारं ॲप. घेतला कारण सोपा वाटला, आणि दुसरं म्हणजे तो माझाच प्रॉब्लेम होता. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या, वस्तुचित्र स्मरणचित्र संकल्पचित्र सगळं घोटून झालं, आणि परीक्षा संपल्यावर पेन्सिल जी खाली ठेवली ती ठेवलीच. आजूबाजूला विचारलं तर निम्म्या लोकांचं हेच.

पहिले दोन महिने मी ब्रश डिझाईन करण्यात घालवले. अकरा ब्रश, लेयर्स, कलर व्हील, सगळं फिगमात (स्क्रीन डिझाईन करायचं सॉफ्टवेअर) एकदम चकाचक. गाईडनी बघितलं आणि म्हणाले, हे सगळं प्रोक्रिएटसारख्या चित्रं काढायच्या ॲपमध्ये आहेच की, तुझ्याकडे माणूस रोज येणार कशाला? मी गप्प.

मग लोकांना फोन हातात देऊन नुसतं बघत बसले. कोरा कॅनव्हास उघडला की लोक रंग बदलतात, झूम करतात, दोन रेघोट्या मारतात आणि बंद करतात. ब्रश कुणालाच कमी पडत नव्हता, काय काढू हेच सुचत नव्हतं. त्यानंतर मी कोडिंगच्या नादी न लागता सरळ एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला, रोज रात्री ९ ला मी विषय टाकायचा, त्यांनी कागदावर काढून फोटो पाठवायचा, बस. हा माझा खरा प्रोटोटाईप, म्हणजे आधी करून बघायचा कच्चा नमुना. नवीन असाल तर आधी हेच करा, फिगमा नंतर.

विषयाचंच बघा. 'आनंद' आणि 'स्वातंत्र्य' दिलं त्या दिवशी ग्रुप चिडीचूप, एकाने तेवढा उडणारा पक्षी पाठवला. 'दारात काढलेल्या चपला' आणि 'उतू जाणारं दूध' दिलं तर फोटोंचा पाऊस. स्मरणचित्राच्या पेपरात एखादा प्रसंगच का देतात ते मला तेव्हा कळलं, दहावीत नाही. चित्रकार जेक पार्करने २००९ मध्ये सुरू केलेल्या इंकटोबरच्या (ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र) यादीत दिवसाला एकच शब्द असतो, पण तिथे येणारा माणूस शाई-कागद घेऊनच बसलेला असतो. आपल्याला जो बँकेतून दमून घरी आलाय त्याला बसवायचंय, त्याला एका शब्दाने भागत नाही.

मग ॲपकडे वळले. त्यात दोन मिनिटांचा टायमर मी घाबरत लावला होता पण तो चालला, कारण चित्र वाकडं आलं तर 'वेळच नव्हता ना' म्हणायची सोय झाली. फक्त एका काकूंना उलटे पळणारे आकडे बघून धडधडायचं, म्हणून आकडे काढले आणि पानाची चौकट हळूहळू रंगत जाते असं केलं.

सगळ्यात मोठी चूक स्ट्रीकची, म्हणजे सलग किती दिवस झाले ते मोजणाऱ्या आकड्याची. भाषा शिकवणारं ड्युओलिंगो ॲप बघून मीपण आगीचं चिन्ह टाकलं. एक मुलगी बारा दिवस नियमित काढत होती, लग्नाला गावी गेली, एक दिवस चुकला, शून्य दिसलं, परत ॲप उघडलंच नाही तिने. नंतर फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० चा पेपर वाचला, लंडनचा. ९६ लोक घेतले होते, सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस, पण कुणाला १८ तर कुणाला हिशोबाने २५४, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडत नव्हता. २१ दिवसांचं जे सगळीकडे फिरतं ते विसरा.

उत्तर शेवटी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मिळालं. आई दुधाचा खाडा मांडते ना, तसं. खाडा पडला म्हणून कुणी पुन्हा पहिल्या तारखेपासून दूध मोजत नाही! मग महिन्याचं पान केलं, प्रत्येक चौकटीत त्या दिवसाचं छोटं चित्र, राहिलेली चौकट नुसती रिकामी, लाल फुली वगैरे काही नाही.

बारीकसारीक गोष्टी पण सांगते. दिवस रात्री १२ ला संपवू नका, सेकंड शिफ्टवाला साडेबाराला काढतो आणि त्याच्यासाठी तो 'आज'च असतो, मी पहाटे ४ धरले. ॲंड्रॉईड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते, ती ॲप उघडल्या उघडल्या मागितली की लोक नाही म्हणतात, पहिलं चित्र झाल्यावर 'उद्या याच वेळी विषय पाठवू?' असं विचारा. आणि नोटिफिकेशनमध्ये थेट विषयच टाका, 'तुम्ही आज चित्र काढलं नाही' हे टोमणे घरी पुरेसे मिळतात.

इंटरव्ह्यूला स्क्रीन्सपेक्षा काय काढून टाकलं यावरच जास्त प्रश्न आले, त्यामुळे ते अकरा ब्रश डिलीट करू नका, दाखवा. ग्रुपचे फोटो दाखवणार असाल तर आधी विचारा आणि नंबर झाका.

एक गोष्ट मात्र चुकून जमली. माझ्याकडे विषयच चाळीस होते, एक्केचाळिसाव्या दिवशी यादी परत पहिल्यापासून सुरू झाली आणि चपला पुन्हा आल्या. मला वाटलं आता शिव्या बसणार, तर लोकांनी स्वतःहून जुनं आणि नवं शेजारी ठेवून फोटो पाठवले. मग ते मुद्दामच ठेवलं. फक्त जुनं चित्र नवीन काढून झाल्यावर दाखवायचं, आधी दाखवलं की लोक त्याचीच कॉपी मारतात.