अंगणातली जपमाळ : ऑक्टोबरआधीची तयारी

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. तेव्हा अंगणातच झाडाझाडापाशी थांबत जपमाळेची प्रार्थना म्हणायची असेल, तर कागद घ्या आणि आज अंगणात काय काय आहे ते आधी लिहून काढा. नर्सरीची फेरी नंतर. मोरीच्या पाण्यावर वाढलेला सोनटक्का, विहिरीजवळची केळ, कुंपणाची जास्वंद, पुदिन्याचा वाफा, कोपऱ्यातला माड. आमच्या वसईत ख्रिस्ती घरांच्या वाड्यांमध्ये एवढं बहुधा असतंच, आणि जपमाळेच्या फेरीला थांबे लागतात पाचच, कारण एका दिवशी पाच रहस्यांवर, म्हणजे येशू आणि मरिया यांच्या जीवनातल्या पाच प्रसंगांवर, मनन करायचं असतं. क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांची, चौदा स्थानंही अंगणातच बसवावीत असं पुष्कळांना वाटतं. जागा लहान असेल तर तो मोह टाळा. चौदा ठिकाणी मुलं कंटाळतात, म्हातारी माणसं दमतात, आणि प्रार्थनेपेक्षा पुढच्या थांब्याकडेच लक्ष लागतं.

मग महिना बघा. मोगरा उन्हाळ्यातला, म्हणून तो मे महिन्याच्या, मरियामातेच्या महिन्याच्या फेरीला शोभतो. ऑक्टोबरच्या जपमाळेसाठी त्याच्यावर विसंबू नका. तेव्हा सोनटक्का असतो, तगर असते, जास्वंद असते, पहाटे प्राजक्ताचा सडा असतो. वेळही फुलं पाहूनच ठरवा. प्राजक्त हवा असेल तर सकाळी चर्चमध्ये मिस्साला निघण्याआधी फेरी करावी लागेल, कारण संध्याकाळी झाडाखाली काहीच उरलेलं नसतं. सोनटक्का मात्र दिवस कलला की घमघमतो. घरात शाळकरी मुलं आणि नोकरीवाले असतील तर संध्याकाळच बरी.

पहिला थांबा सोनटक्क्याचा ठेवा. युरोपातल्या चित्रांमध्ये गाब्रिएल देवदूत मरियेला निरोप सांगायला येतो तेव्हा त्याच्या हातात पांढरी लिली असते. आपल्याकडे तोच पांढरेपणा सोनटक्का देतो, शिवाय सुगंधही. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये असतात, त्यांची सुरुवात इथून फार छान होते. दुसरा थांबा केळीपाशी. तिला ओढूनताणून अर्थ चिकटवायची गरज नाही. ज्यांनी ती लावली त्या आजोबा-आजींचं नाव घ्या आणि त्यांच्यासाठी ‘नमो मरिया’ ही प्रार्थना दहा वेळा म्हणा. एवढंही पुष्कळ आहे.

तिसरा थांबा पुदिना आणि शेपूच्या वाफ्यापाशी ठेवाच. हा वाफा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या तेविसाव्या अध्यायात येशू शास्त्री-परूश्यांना, म्हणजे यहुदी धर्मशिक्षकांना, सांगतो की तुम्ही पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, देवाला देता, पण न्याय, दया आणि विश्वास सोडून देता. रोजच्या भाजीतली पानं हातात धरून हे वचन वाचलं की मुलांना ते कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गुरुवारी, प्रकाशाच्या रहस्यांच्या दिवशी, तिसरं रहस्य देवराज्याच्या घोषणेचं. ते नेमकं याच वाफ्यापाशी येतं. ही प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जपमाळेत आणली, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना ती पाठ नसतील. वहीत लिहून ठेवा. शेपू मात्र दीड महिना आधी पेरायला हवा, म्हणजे ऑगस्टच्या मध्याला. पावसाचा मार असेल तर कुंडीत पेरून पागोळीच्या आत ठेवा.

चौथा थांबा कृष्णकमळाचा. वेल नसेल तर जूनमध्येच शेजाऱ्यांकडून फांदी आणून लावा आणि चढायला तार किंवा काठीचा मांडव करा. पहिल्या वर्षी फूल आलं नाही तरी थांबा बदलू नका. फूल आलं की सगळ्यांना जवळ बोलवा आणि सावकाश पाहा. बाहेरच्या दहा पाकळ्या, आत जांभळ्या तंतूंचं वर्तुळ, त्याच्या मधोमध पाच पुंकेसर, त्यांच्यावर तीन टोकं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये जाकोमो बोसिओ या इटालियन लेखकाने मेक्सिकोहून आलेली या फुलाची चित्रं पाहून त्यात प्रभूचं दुःखसहन वाचलं. तंतूंचं वर्तुळ म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच म्हणजे पाच जखमा, तीन म्हणजे तीन खिळे. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरी हेच तंतू शंभर कौरव असतात आणि पाच केसर पांडव. तेही मुलांना सांगा. फूल एकच दिवस टिकतं, म्हणून मंगळवार-शुक्रवारची, दुःखाच्या रहस्यांची फेरी उजेड असतानाच सुरू करा. चौथं रहस्य क्रूस वाहण्याचं, ते याच वेलीपाशी येतं.

काट्यांच्या मुकुटासाठी नर्सरीत युफोर्बिया मिळतो, लाल फुलांचा, काटेरी. तो मूळचा मादागास्करचा, त्यामुळे जेरुसलेमशी त्याचा संबंध फक्त प्रतीकाचा. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते. घरात लहान मुलं असतील तर आणूच नका. कोरफडीची कुंडीही 'येशूच्या दफनातली' म्हणून मांडू नका. योहानाच्या शुभवर्तमानातलं अगरू हे सुगंधी लाकूड आहे, कोरफड नव्हे. मुलांना सांगायची गोष्ट खरीच असावी.

पाचवा थांबा माडाखाली. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, विणलेला क्रूस घरात जपून ठेवला असेल तर तोच खोडाला बांधा. विकतची मूर्ती हवीच असं नाही.

वचनं मुलांच्या हातून जाड पुठ्ठ्यावर लिहून घ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घाला, परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो. आठवडाभर आधी वाटेवरचं शेवाळ खराट्याने खरवडा, ब्लिचिंग पावडर टाकून धुवा, पण ते पाणी वाफ्यात जाऊ देऊ नका. गवत कापा. पावसाळ्यानंतर पाचोळ्यात साप असू शकतो, त्यामुळे टॉर्च आणि पायात चपला सगळ्यांना सक्तीच्या. कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी ओता, नाहीतर प्रार्थनेला आपल्याआधी डास हजर. आजीसाठी खुर्ची तिसऱ्या थांब्यावर ठेवा, तिथून तिला पुढचे दोन्ही थांबे दिसायला हवेत.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही हे करावं. वसईत वाड्या जाऊन इमारती आल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी लढले ते उगाच नाही. गॅलरीत पाच कुंड्या पुरतात: तगर, पुदिना, शेपू, अबोली, कृष्णकमळ. चालायला जागा नसेल तर प्रत्येक रहस्याला त्या त्या कुंडीकडे तोंड करून उभं राहा.

प्रत्येक थांब्यावर कोण पुढे होणार ते आदल्या दिवशी ठरवा, आणि धाकट्याला पहिला थांबा द्या, शेवटपर्यंत त्याला झोप येते. फुलं खुडायची असतील तर एकेकच, आणि तीही शेवटी क्रूसापाशी वाहण्यासाठी. शेजाऱ्यांना बोलावलं असेल तर त्यांना जपमाळ म्हणता येते का हे विचारू नका, नुसतं सोबत चालू द्या. फेरीनंतर वाटायचे चणे आदल्या रात्रीच भिजत घाला. सकाळी मीठ घालून उकडा आणि खोबऱ्याचे तुकडे वेगळे ठेवा, एकत्र केले तर संध्याकाळपर्यंत आंबतात.