नवा व्हेरियंट जुन्याला मागे टाकतोय का? हिशेब असा मांडा

नाशिकमध्ये कोरोनाच्या नव्या व्हेरियंटचे रुग्ण किती सापडले, एवढ्यावरून फारसं कळत नाही. चाचण्या वाढल्या की रुग्णही वाढतात. पाहायचं ते नव्या-जुन्याचं गुणोत्तर.

सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे विषाणूचा जनुकीय क्रम वाचण्यासाठी, सीटी 30च्या आतले नमुने घ्या. सीटी म्हणजे विषाणू सापडायला पीसीआर चाचणीला लागलेली आवर्तनं; ती कमी, तितका विषाणू जास्त. एका घरातून किंवा वसतिगृहातून एकच. परदेशातून आलेल्यांचे वेगळे ठेवा. तारीख नमुना घेतल्याची धरा, अहवालाची नको. इथेच सर्वांत जास्त चुका होतात.

समजा, 40 पैकी 4 नमुने नव्या व्हेरियंटचे निघाले आणि दोन आठवड्यांनी 40 पैकी 20. गुणोत्तर 4:36 होतं, ते 20:20 झालं, म्हणजे 14 दिवसांत नऊपट. 9चा नैसर्गिक लॉगरिदम 2.2. त्याला 14ने भागलं की रोजचा वेग 0.157, म्हणजे सुमारे 4.4 दिवसांत गुणोत्तर दुप्पट. पण 40 पैकी 4 असताना खरं प्रमाण 3 ते 24 टक्क्यांत कुठेही असू शकतं. म्हणून निदान चार आठवड्यांच्या गुणोत्तरांचे लॉगरिदम आलेखावर मांडा. ते सरळ रेषेत चढत असतील तरच वेगावर विश्वास ठेवा.

आता हा वेग कशामुळे? अल्फा आणि डेल्टाच्या वेळी बहुतेकांना प्रतिकारशक्ती नव्हती, तेव्हा जास्त संसर्गक्षम विषाणू पुढे गेला. जून-जुलै 2021च्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सर्वेक्षणात देशातल्या 67.6 टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. अशा समाजात अँटिबॉडींना चकवणाऱ्याला मोकळं रान मिळतं. नोव्हेंबर 2021मध्ये समोर आलेल्या ओमिक्रॉनच्या स्पाइकमध्ये, म्हणजे विषाणूवरच्या काट्यासारख्या प्रथिनात, तिसाहून जास्त बदल होते. आपल्या नमुन्यांत हे ओळखायला त्याच आठवड्यातल्या जुन्या आणि नव्या व्हेरियंटच्या रुग्णांची तुलना करा. पूर्वी संसर्ग झालेले किंवा लस घेतलेले नव्यात ठळकपणे जास्त असतील, तर तो प्रतिकारशक्तीला चकवतोय. वेगळ्या आठवड्यांची तुलना मात्र फसवते, कारण मधल्या काळात लसीकरणही पुढे सरकलेलं असतं.

बदलांची नुसती संख्या मोजून अंदाज बांधू नका. ओमिक्रॉनच्याच बीए.2.86 या उपप्रकारात ढीगभर बदल होते, तरी तो फार पसरला नाही. त्याच्या स्पाइकमध्ये एल455एस हा आणखी एक बदल पडून जेएन.1 हा उपप्रकार झाला आणि 2023 संपता संपता जगभर गेला.

रुग्ण चाचणीला येईनासे झाले की सांडपाण्याकडे वळा. तपोवन किंवा आगरटाकळीच्या मलनिस्सारण केंद्रात, प्रक्रियेआधीचं पाणी 24 तास थोडं थोडं गोळा करून 4 अंश सेल्सियसला ठेवा. पावसाच्या पाण्याने विषाणूचं एकूण प्रमाण पातळ होतं. व्हेरियंटचं गुणोत्तर त्यामुळे बिघडत नाही. सिंहस्थात बिघडतं. पर्वणीच्या दिवशी त्या पाण्यात देशभरातले भाविक असतात, म्हणून ते आठवडे शहराच्या रेषेत धरू नका, वेगळ्या रंगाने मांडा.