सावलीतला नेचा: लावा आर्द्रात, निवडा मे महिना आठवून

आर्द्रा लागली, दोन-तीन दमदार पाऊस झाले की पुण्यातल्या नर्सऱ्यांमध्ये नेचे ओसंडून वाहतात. या दिवसांत कुठलाही नेचा टवटवीतच दिसतो आणि तिथंच फसगत होते. खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये. पारा चाळिशीला टेकतो, दुपारची हवा ठणठणीत कोरडी होते. हंसराज, म्हणजे नाजूक पानांचा नेचा, मी तीन पावसाळे हौसेनं आणला. तिन्ही वेळा होळीनंतर त्याचा पापड झाला. आता फक्त लांबून बघतो.

बारा महिने हिरवं हवं असेल तर नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया हा नेचा घ्या. रोप पिशवीतून काढलंत की मुळांना बोराएवढ्या गाठी लोंबताना दिसतील. त्यांत पाणी साठलेलं असतं, म्हणून एखाद-दोन दिवस पाणी चुकलं तरी ते तग धरतं. वाईट सवय एकच, हातपाय फार पसरतं. वाफ्याच्या कडेनं शहाबादी फरशीचे तुकडे वीतभर खोल उभे गाडून टाका.

सोसायटीत बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर टेरिस व्हिटाटा हा नेचा बघा. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींतून, चुन्याच्या फटीतून डोकावतो तो हाच. चुना त्याला मानवतो. उजेड मात्र थोडा जास्त लागतो. घाटातून, मुळशी-ताम्हिणीकडून रोपं उपटून आणू नका. तिथलं धुकं आपल्या अंगणात नसतं, आणि जंगल उघडं पडतं ते वेगळंच.

जागा पूर्वेची किंवा उत्तरेची, दुपारचं ऊन न येणारी. मात्र भर दुपारी तिथं दिवा न लावता पेपर वाचता आला पाहिजे. त्याहून अंधारात नेचा नुसता लांबट, फिका वाढतो.

काळ्या मातीत थेट लावू नका, पावसात मुळं कुजतात. खाली चार बोटं विटांचे तुकडे, वर दोन पाट्या कुजलेला पालापाचोळा, एक पाटी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक पाटी पोयटा (गाळाची माती) असा उंच वाफा करा. मूठ दाबून सोडल्यावर मिश्रण लगेच भुसभुशीत सुटलं पाहिजे. दोन रोपांत दीड फूट अंतर. नवी पानं गोगलगाईसारखी गुंडाळून जिथून वर येतात तो गाभा मातीवर राहू द्या. तो पुरला गेला की रोप गेलं.

आता नेहमीची घबराट. पानामागं तपकिरी ठिपके दिसले की लोक फवारणीचा पंप काढतात. ठिपके सगळ्या पर्णिकांवर (पानाच्या छोट्या भागांवर) सारख्या अंतरानं, ओळीत असतील तर ते बीजाणूंचे, म्हणजे नेच्याच्या बियांसारख्या कणांचे, पुंजके, त्यांना हात लावू नका. वेडेवाकडे, देठावरही चिकटलेले, नखानं खरवडले की निघणारे आणि पान चिकट करणारे असतील तर ती खवले कीड. तेवढी पानं कापून जाळा.

खऱ्या गोगलगाईंसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी टाका. सकाळी उचलून खाली जमलेल्या गोगलगाई मिठाच्या पाण्यात बुडवा. ते पाणी वाफ्यात ओतू नका.

लागवड श्रावण संपायच्या आत उरका, म्हणजे ऑक्टोबरचं ऊन तापण्याआधी मुळं धरतात.