घरातली जुनी बंदूक उद्या संग्राह्य ठरेल का, ते कसं तपासावं

खानदेशात जुनी बंदूक सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. देशमुख-पाटलांच्या वाड्याचा माळा, धाब्याच्या घरातली अंधारी कोठी, नाहीतर यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात रानडुकरांसाठी घेतलेली आणि आता कोपऱ्यात उभी असलेली एकनळी. सापडली की लगेच विचारलं जातं ते “किती येतील?” हा प्रश्न शेवटी यायला हवा. त्याआधी ती भरलेली आहे का, कोणाच्या नावावर आहे आणि नेमकी कोणती आहे, हे याच क्रमानं पाहावं लागतं.

आधी भरलेली आहे का ते पाहा

ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक, मग ती जामगीवर, म्हणजे पेटत्या वातीवर, चालणारी तोडेदार असो, चकमकीची असो की टोपीची, भरून तशीच ठेवलेली सापडणं अजिबात दुर्मीळ नाही. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. ओलसर होऊन निकामी झालेली दारू वाळली की पुन्हा पेटू शकते.

नळीचं तोंड माणसांपासून आणि घरापासून दूर करा. तोंडासमोर स्वतःही उभे राहू नका. साधारण ८ मिलिमीटर जाडीची सरळ लाकडी काठी नळीत हळूच सोडा. लोखंडी गज नको, ठिणगी पडू शकते. काठी टेकली की नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करा, ती बाहेर काढा आणि खूण तोंडाशी जुळवून नळीला बाहेरून लावा. काठीचं टोक रंजकाच्या छिद्रापर्यंत, म्हणजे आतली दारू पेटवायच्या मागच्या बारीक छिद्रापर्यंत (यालाच कान म्हणतात), पोहोचायला हवं. नळीच्या मागच्या टोकापर्यंत ते पोहोचणार नाही, कारण आत बूच असतं. टोक कानाच्या एक-दोन इंच आधीच थांबलं, तर बंदूक भरलेली आहे असंच धरा. आत नुसतं कुंभारमाशीचं घर किंवा चिंधीचा बोळा असू शकेल, पण ते खणून पाहायचं काम तुमचं नाही. नळी तापवणं, ड्रिल मारणं, वेल्डिंगवाल्याकडे नेणं, यातलं काहीही करू नका. पोलीस ठाण्याला कळवा, ते जाणकार माणूस बोलावतात.

मागून काडतूस भरायची दुनळी असेल तर चापाला हात न लावता, नळ्यांमागची उघडायची कळ दाबून ती मधोमध दुमडून उघडा आणि दोन्ही नळ्यांत उजेडाकडे धरून पाहा. जुनी काडतुसं मिळाली तर ती बंदुकीजवळ ठेवू नका. त्यांचा हिशेब परवान्यावर वेगळा असतो.

कागद

भारतात बंदुकीचं मोल आधी तिच्या कागदावर ठरतं. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा आहे. घरात सापडलेल्या बिनकागदी बंदुकीची बातमी तुम्हीच लेखी दिलीत तर प्रश्न सुटतो, दुसऱ्यानं दिली तर वाढतो.

कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे, पण तिचा अर्थ बहुतेक लोक सोयीनं घेतात. बंदूक दुरुस्त करूनही चालवता येणार नाही, अशी असेल तरच ही सूट लागू होते. घोडा तुटलेली दुनळी ‘बंद’ असली तरी दुरुस्त होऊ शकते, म्हणून ती सुटत नाही. २०२० मध्ये नियमांत बदल होऊन ‘क्युरिओ’, म्हणजे दुर्मीळ, जपण्याजोगी वस्तू, या वर्गातली लहान शस्त्रं विनापरवाना बाळगायला मुभा मिळाली. मात्र ती वापरायला, जवळ घेऊन फिरायला किंवा दुसरीकडे न्यायला परवाना लागतोच. तुमची वस्तू या वर्गात बसते की नाही, हे स्वतः ठरवू नका. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हाधिकारी कार्यालयात फोटोंसह अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. पुढे विकताना हाच कागद भाव राखतो.

परवानाधारक वारला असेल तर बंदूक आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. मग वारसाच्या नावानं अर्ज करा. मृत्यू दाखला, मूळ परवाना आणि बाकी वारसांची लेखी संमती लागते. परवानाधारक हयात असेल तरी त्याचं वय ७० झाल्यावर किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा, वारसाला परवाना मागता येतो. बहुतेक घरांत हे माहीत नसतं आणि भावाभावांचं भांडण मिटेपर्यंत बंदूक पोलिसांच्या मालखान्यात गंजते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. पूर्वी तीन चालत. वारसाहक्कानं आलेल्या बंदुकाही या दोनांतच मोजल्या जातात. त्यामुळे आपल्याकडचा संग्राहक दहा बंदुका जमवू शकत नाही. दोन निवडाव्या लागतात, आणि त्या निवडण्यातच खरी पारख दिसते.

ओळख पटवताना

सर्वात जास्त नुकसान इथे होतं. बंदूक उघडायच्या हौसेत मापात न बसणारा पेचकस लावला की स्क्रूच्या खाचा फाटतात. संग्राहक सगळ्यात आधी खाचाच पाहतो. त्या फाटलेल्या दिसल्या की आत कोणीतरी हात घातलाय हे त्याला कळतं. म्हणून स्क्रूला हात लावू नका. बहुतेक दुनळ्यांचा पुढचा लाकडी हातधर नुसत्या हातानं निघतो. तो काढला की नळ्या वेगळ्या होतात, आणि हवे ते ठसे नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर असतात.

इंग्लिश बंदुकीवर चाचणीगृहाचे, म्हणजे लंडनचे किंवा बर्मिंगहॅमचे, ठसे असतात. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ सालचं. मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ आणि ‘एनपी’ अशी अक्षरं असतील तर नळी १९०४ ते १९५४ या काळात तिथे तपासलेली आहे. ‘एनपी’ म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. ‘एनपी’ नसेल आणि नळीवर लाटांसारखी नक्षी दिसत असेल, तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली दमास्कस नळी असण्याची शक्यता मोठी. अशा नळीत आजचं काडतूस घालणं जिवावर बेतू शकतं. संग्रहात मात्र तिला मान आहे. जुन्या १२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचं माप) बंदुकीत कोठीची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबी पुष्कळदा अडीच इंच असते आणि आजची काडतुसं पावणेतीन इंचांची. ते काडतूस आत बसतं, पण उडताना त्याच्या तोंडाला उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. ‘बसतंय म्हणजे चालतंय’ हा हिशेब इथे लागू नाही.

भारतीय बंदुकीवर ‘आरएफआय’ दिसलं तर ती इशापूरच्या रायफल कारखान्याची. मुकुट आणि ‘जीआरआय’ असेल तर ब्रिटिश काळातली.

ठासणीच्या बंदुकांत नकला फार. चापाच्या पट्टीवर लंडनच्या शस्त्रागाराचा ‘टॉवर’ हा शब्द किंवा ईस्ट इंडिया कंपनीचा सिंह कोरून सजावटीच्या बंदुका आजही बनवून विकल्या जातात. अशा वेळी रंजकाचं छिद्र आरपार आहे का ते पाहा. नकलेत ते पुष्कळदा पाडलेलंच नसतं. स्क्रूचे आटे यंत्रावरचे, एकसारखे आहेत का? लाकडाचा काळपटपणा हात लागतो तिथेच जास्त आहे, की रंग दिल्यासारखा सगळीकडे सारखा?

आता ‘ही अमुक लढाईतली’ या कथेबद्दल. खानदेशाला इतिहास आहेच. १८१८ ची थाळनेरची लढाई, १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावात उभारलेली भिल्ल पलटण, १८५८ ची अंबापाणीची लढाई आणि इंग्रजांविरुद्ध उठलेले भिल्लांचे पुढारी खाजा नाईक. पण कागद नसेल तर ‘खाजा नाईकांची बंदूक’ ही नुसती बंदूकच असते, आणि भाव साध्या बंदुकीचा येतो. घरातले मोडी कागद, जुने परवाने, खरेदीची पावती, बंदुकीसह काढलेला आजोबांचा फोटो, हे सगळं एका पाकिटात ठेवा. मोडी वाचून घ्यायला धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी जाणकारांचा माग लागू शकतो.

पुढे भाव कशाला येईल

नियम साधा आहे. ज्याचं उत्पादन किंवा आवक कायमची बंद झाली, जे कायद्यानं हस्तांतरित करता येतं आणि जे कारखान्यातून आलं तसंच राहिलं, त्याला भाव येतो. अमेरिकेत मे १९८६ नंतर नोंदलेल्या स्वयंचलित बंदुका खाजगी माणसाला घेता येत नाहीत, म्हणून त्याआधीच्या नोंदलेल्या नगांचे भाव चढतच गेले. उलट तिथल्याच विंचेस्टर कंपनीनं १९६६ मध्ये शताब्दीची म्हणून काढलेली रायफल एक लाखाहून जास्त विकली गेली, सगळ्यांनी ती जपून ठेवली आणि त्यामुळे ती कधी दुर्मीळ झालीच नाही. ‘संग्राहकांसाठी खास’ असं लिहूनच आलेल्या वस्तूपासून जरा दूर राहावं.

आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यात खाजगी माणसांसाठी विदेशी बंदुकांची आयात बंद झाली. त्याआधी आलेल्या वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन यांच्या .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांना आणि इंग्लिश दुनळ्यांना म्हणूनच आज जास्त पैसे मोजले जातात. ही संख्या आता वाढणार नाही, घटणारच. बीएसए या इंग्लिश कंपनीनं भारतासाठी बनवलेली .३१५ रायफल याच गटातली, आणि माझ्या मते अजून तिची किंमत लोकांना कळलेली नाही. बहुतेकांनी तिला नवा दस्ता आणि दुर्बीण लावून वाट लावली. मूळ दस्ता, मूळ माशी (नेम धरायचा नळीवरचा उंचवटा) आणि सगळीकडे एकच नंबर असलेली मिळाली तर सोडू नये.

संस्थानिकांच्या इंग्लिश दुनळी रायफली हे वेगळंच दालन. ब्रिटिशांनी १९०७ च्या सुमारास भारतात .४५० बोअरला बंदी घातली, म्हणून कारागिरांनी .४६५, .४७० अशी नवी मापं काढली. पर्डी किंवा हॉलंड या लंडनच्या नामांकित कारागिरांची अशी रायफल मूळ पेटीसह निघाली, तर स्थानिक विक्रेत्याच्या पहिल्या भावाला होकार देऊ नका.

स्वदेशी बंदुकांकडे अजून कोणी संग्रह म्हणून पाहत नाही, आणि थोड्या पैशात सुरुवात करायची तर जागा तीच. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारी शस्त्रकारखाने चालवणारं आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या. वरणगाव आणि भुसावळच्या निर्माणींवरच्या पाट्याही तेव्हाच बदलल्या. म्हणजे जुन्या मंडळाच्या नावानं निघालेल्या बंदुकांची मालिका आता संपली. त्यातल्या सुरुवातीच्या क्रमांकांच्या .३२ रिव्हॉल्व्हर, आणि २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून आलेली ‘निर्भीक’, यांच्यावर लक्ष ठेवा. निर्भीक दागिन्यांच्या डबीसारख्या मरून पेटीत मिळायची. ती पेटी, पुस्तिका आणि बिल टाकून देणारेच जास्त असतील, म्हणून हे सगळं एकत्र असलेला नग पुढे वेगळा उठून दिसेल.

दोन सापळे. वेब्लीची .४५५ किंवा .३८० रिव्हॉल्व्हर आणि .३०३ रायफल यांत लष्करी गोळी बसते, म्हणून त्या निषिद्ध बोअरमध्ये मोडतात आणि परवाना केंद्र सरकारचा लागतो. दिसायला देखणी असली तरी घेणारा मिळत नाही. दुसरा सापळा राज्याच्या सीमेपलीकडून येणारा गावठी कट्टा. त्याला संग्रहमूल्य शून्य आहे आणि तुरुंगवास नक्की.

जपणूक

चमकवू नका. चिंच, लिंबू, पितळेची पॉलिश, पॉलिश कागद, नव्यानं निळी-काळी कलई, यातल्या एकानंही निम्मी किंमत जाऊ शकते. तपकिरी, घट्ट बसलेला थर राहू द्या. नारिंगी, बोटाला लागणारा गंज मात्र काढायलाच हवा. बंदुकीच्या हलक्या तेलाचे दोन-तीन थेंब टाका, रात्रभर मुरू द्या आणि सुती कापडानं पुसा. तेवढ्यानं निघाला नाही तर तेलात भिजवलेली सर्वात बारीक, चार शून्यांची पोलादी लोकर अलगद फिरवा.

खानदेशातली खरी अडचण हवेची आहे. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो, लाकूड आक्रसतं आणि दस्ता लोखंडाला टेकतो तिथे चीर पडते. महिनाभरात पाऊस येतो आणि त्याच फटीत ओल धरते. म्हणून पत्र्याच्या छताखाली किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. बंद कपाटात सिलिका जेल आणि साधा आर्द्रतामापक ठेवा, ४५ ते ५५ टक्के चांगले. चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका, कमावलेल्या चामड्यातलं आम्ल लोखंड खातं. नळीचं तोंड खाली करून ठेवलं तर तेल दस्त्यात उतरून लाकूड काळं आणि मऊ पडत नाही.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका जमा करायचा आदेश येऊ शकतो. नेण्याआधी दोन्ही बाजूंचे, नंबरचे आणि दस्त्यावरच्या ओरखड्यांचे तारखेसह फोटो काढा. नळीला आतबाहेर तेल लावा, कापडात गुंडाळा, वर नावाची चिठ्ठी बांधा. पावतीवर बोअर आणि नंबरसोबत ‘दस्ता अखंड, गंज नाही’ असं लिहून मागा. लिहून देतातच असं नाही, पण मागितल्यावर बंदूक जरा जपून ठेवली जाते. आचारसंहिता उठली की त्याच आठवड्यात परत आणा.

विकायचं ठरलंच तर ती परवानाधारकालाच विकता येते. जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. घाईतल्या गिऱ्हाईकाला हे पहिल्याच फोनवर सांगा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष कायदा, १९७२ खाली येते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशी लिलावातले आकडे पाहून तिची किंमत धरू नका.